बिनकळेची

तेरवी आटोपली तुमची. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, अग्नी देणाऱ्या पुतण्याच्या डोक्यावर पुन्हा बारीक केस दिसायला लागले. आता घरात तुमची आई आणि मी, दोघीच. म्हणजे तुमच्याशी भांडायला मी मोकळी झाले. आयुष्यभर तुम्हाला 'तुम्ही' म्हटलं, ते आता बदलणार नाही. पण गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं असतं ही रीत मी पाळेन, असं समजू नका. गोड बोलणारे सगळे येऊन गेले.

करडीपासून साकोलीपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यात तुम्ही कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढली, ते सगळे आले होते. धान कापणीचे दिवस, तरी आले. कागदोपत्री तुम्ही पशुधन पर्यवेक्षक, त्यांच्या तोंडी मात्र 'आमचे डाक्टर'. एकेक जण माझ्यासमोर बसायचा आणि आपल्या म्हशीची हकीकत सुरू करायचा. नवरा माझा गेला होता आणि मी ऐकत होते म्हशींची बाळंतपणं. त्याचा मला राग आला नाही, तुमचं जगणंच तसं होतं. राग आला तो करडीच्या हरिदासनं सांगितलेल्या हकीकतीचा. तोही त्याच्यावर नाही, तुमच्यावर. तिकडे मी येणारच आहे. आधी आपलं बोलू.

लग्न होऊन शहापूरहून मी करडीला आले तेव्हा बी.एस्सी. झालेली होते आणि गाईच्या अंगाला हात लावायची मला भीती वाटायची. तुम्हीच मला गोठ्यात नेलं. घरच्या लाल गाईचे दिवस भरत आले होते. तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना माझी बोटं ठेवून म्हणालात, दाब. काल इथं ताणलेल्या दोरासारखं लागत होतं, आज मळलेल्या पिठासारखं मऊ आहे. कंबरेची बंधनं सैल पडली की समजायचं, आता फार वेळ नाही. ती सैल करणाऱ्या रसाचं नाव रिलॅक्सिन. कॉलेजात मी ते नाव पाठ केलं होतं, पण बोटाला लागलं ते पहिल्यांदा त्या गोठ्यात. नवरा असा शिकवतो याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी तुमच्यावर भाळले ती त्या दिवशी, लग्नात नव्हे.

मग तुमचं ते दाराचं सांगणं. किती वेळा ऐकलं असेल. दिवस भरेपर्यंत दाराला कडी घातलेली असते, म्हणायचात, आणि त्या कडीचं नाव प्रोजेस्टेरॉन. ती आहे तोवर गर्भाची पिशवी शांत. ही कडी गाय काढत नाही, मालक काढत नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. कडी वासरू काढतं. त्याची वाढ पुरी झाली, जागा अपुरी पडायला लागली, की त्याच्या मेंदूतून त्याच्याच मूत्रपिंडावरच्या इवल्या ग्रंथींना हुकूम जातो. त्या कॉर्टिसॉल सोडतात. तो निरोप वासराला पोसणाऱ्या वारेपर्यंत पोचला की वार प्रोजेस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करायला लागते, आणि कडी निघते. मग प्रोस्टाग्लँडिन येतं, पिशवीचं तोंड मऊ होतं, कळा सुटतात. वासरू तोंडावर रेटतं, ते रेटणं गाईच्या मेंदूला समजतं, तिथून ऑक्सिटोसिन येतं, त्यानं कळ वाढते, वासरू आणखी रेटतं. सुटका होईपर्यंत हे असंच चालतं. कुणी घाईनं 'सुई मारा न डाक्टर' म्हणालं की तुम्ही भडकायचात. ऑक्सिटोसिन दार ढकलतं, कडी काढत नाही, कडी असताना ढकललं तर दार मोडेल, असं त्याला सुनवायचात.

मी वाद घालायची. बाई म्हणजे म्हैस नाही, बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन शेवटपर्यंत तसंच भरलेलं असतं, वार पडल्यावरच उतरतं, मग तिची कडी काढतं कोण? तुम्ही म्हणायचात, कडी जागेवर असते, पण पिशवी तिला जुमानत नाही. आणि तसा निरोप धाडणारं तेच, आतलं. मी म्हणायची, बाईच्या बाबतीत ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. तुम्ही हसायचात. तू पुस्तकाकडून आलीस, मी गोठ्याकडून, मधे कुठंतरी भेटू, म्हणायचात. नाही भेटलो आपण.

माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता करडीलाच ठरलं. तुमच्या आईंनी हौसेनं सगळं केलं, ते मी नाकारणार नाही. दिवस भरले. भरून उलटले. शेजारच्या बाया रोज सकाळी अंगणातून विचारायच्या, काही कळा? मी मान हलवायची. आधी त्या हसून विचारत, मग मला सोडून आईंना विचारायला लागल्या. बाळ पोटात हलत होतं, चांगलं जोरात हलत होतं. तुम्ही म्हणत होता, येऊ दे त्याच्या वेळेनं. शेवटी तुम्हालाच भीती वाटली आणि मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आईही बरोबर होत्या. तिथं सलाईनमधून कळांचं औषध सोडलं. आल्या कळा, आणि कशा आल्या ते मला विचारा. मुलगी झाली आणि रडली नाही. मला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं. जाग आली तेव्हा शेजारी कोणी नव्हतं, फक्त तुम्ही, स्टुलावर बसलेले. मी विचारलं, कशी होती?

"नीट होती," तुम्ही म्हणालात. "सारं नीट होतं तिचं. फक्त श्वास नाही घेतला."

हे तुमचं बोलणं मी उराशी धरून बसले. त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला समजलं नसेल, असं मी मानत नाही. निरोप बाळ धाडतं. बाळ नीट होतं, म्हणजे निरोप गेला असणार. तरी दार उघडलं नाही, म्हणजे माझीच पिशवी बहिरी. तुम्ही शिकवलेल्या हिशेबानंच मी स्वतःला दोषी ठरवलं. तुमच्यासमोर तो हिशेब एकदा नाही, कितीदा तरी मांडला, आणि तुम्ही गप्प बसून त्याला मान्यता दिलीत.

करडीत अशा जनावराला एक शब्द आहे. दिवस उलटून गेले तरी जिला कळा सुटत नाहीत ती बिनकळेची. तिला ठेवत नाहीत, बाजार दाखवतात. आईंनी तो शब्द माझ्यासाठी वापरला. पहिल्यांदा परसात, शेजारणीपाशी, हळू आवाजात. मग चुलीजवळ. मग सगळ्यांसमोर, आणि रागानं नाही, एखाद्याला लंगडा म्हणावं तसं सहज. भंडाऱ्याला कळा आल्या होत्या की, असं कुणीतरी म्हणालं, तर त्यांचं उत्तर तयार होतं.

"औषधाच्या कळा थ्या. तिच्या नाही."

तुम्ही तेव्हा जेवत होता. मी तुमच्याकडे पाहिलं. सगळा मोहाडी तालुका तुमच्या शब्दावर जनावराची सुई ठरवत होता. तुम्ही फक्त एवढं म्हणायला हवं होतं की आई, कळा काही मायच्या हाती नसतात. मी म्हटलं असतं तर ती सुनेची सबब ठरली असती. तुम्ही म्हटलं असतं तर तो शब्द तिथंच, त्या ताटाशी संपला असता. तुम्ही भात कालवला आणि मला म्हणालात, मीठ दे.

आणि तो चीक. गावात कुणाचीही म्हैस व्याली की पहिला चीक आपल्या घरी यायचा, डॉक्टरचा मान म्हणून. आई त्याचा खरवस करायच्या, वेलची घालून. दुसऱ्यांच्या बाळंतपणाचं दूध आपल्या घरात बारमाही. मी तो कधी तोंडात घातला नाही आणि काहून खात नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, हे मला परवा समजलं.

नुसतं कडू लिहिलं तर तेही खोटंच होईल. आईंनी 'दुसरी कर' म्हटलं तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, आणि पुन्हा तो विषय या घरात निघाला नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची तेव्हा तुम्ही मला एम.एस्सी.ला बसवलं, नागपूरच्या पुस्तकांचे गठ्ठे आणलेत, माझं टिपण काढून झालं की तपासायला बसायचात आणि शेणाचा वास असलेल्या बोटांनी पानं उलटायचात. साकोलीच्या ज्युनिअर कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही बदली मागून घेतलीत. आईंचं काही दुखलं-खुपलं तरी आधी मला विचारायचात, तू जेवलीस का? या सगळ्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि ऋणी असण्याचाच मला आता संताप येतो. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे, बायकोला लेकरू नाही तरी टाकली नाही. कौतुक तुमच्या पदरात आणि तो शब्द माझ्या पदरात. ते कौतुक तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. मला वाटायचं, किती विनय आहे माणसात.

बारावीला प्रजननाचा धडा मीच शिकवते. प्रसूतीचा इशारा पूर्ण वाढ झालेल्या बाळाकडून आणि वारेकडून निघतो, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलींकडे तोंड करून उभी राहते. मागच्या बाकावरची एखादी विचारतेच, मॅडम, बाळानं इशारा दिलाच नाही तर? मी सांगायची, देतंच, आईचं शरीर कधी कधी ऐकत नाही. किती पोरींना मी हे सांगितलं असेल. 'पूर्ण वाढ झालेल्या' या शब्दांखाली स्वतःच्या हातानं रेघ ओढूनही मला कधी शंका आली नाही. यायचं कारणच नव्हतं. तुम्ही म्हणाला होता, सारं नीट होतं.

दुसऱ्या मुलाचं तुम्ही एकदाच विचारलंत. साकोलीच्या बसस्टँडवर आपण गाडीची वाट बघत होतो. समोरच्या बाकड्यावर एका बाईच्या मांडीत तान्हं झोपलं होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघून तुम्ही म्हणालात, पुन्हा एकदा पाहायचं का? मी म्हटलं, माझ्या पिशवीला ऐकू येत नाही, आणखी एक नीटनेटकं लेकरू मी तिच्यात कोंडून मारणार नाही. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, माझी दया आली. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फलाटाशी बस आली आणि तुम्ही सामानाची पिशवी उचलून म्हणालात, चल, गाडी लागली. त्यानंतर मी माझं अंथरूण वेगळं केलं.

आता हरिदास.

तेरवीच्या पंगती उठल्या होत्या. हरिदास माझ्यासमोर येऊन बसला. त्याच्या घरी पूर्वी एक म्हैस होती, पहिलारू, पहिल्याच वेताची. दिवस उलटून गेले, कास भरेना, कळा नाहीत. त्याचा बाप म्हणाला, बिनकळेची आहे, बाजारात काढा. तुम्हाला बोलावलं. तुम्ही तिच्या पोटात हात घालून पाहिलं, आणि रेडकाकडून निघायला हवा होता तो निरोप बाहेरून सुईनं दिलात. दुसऱ्या दिवशी ती व्याली. रेडकू मेलेलं, आणि त्याच्या डोक्याचा घाटच नीट झालेला नव्हता. तुम्ही घरातल्या पोरांना बघू दिलं नाही, स्वतःच गोणपाटात गुंडाळून पुरून आलात. तरी बापाचं म्हणणं तेच, म्हशीतच खोट आहे. तेव्हा तुम्ही हात धुता धुता त्याला सांगितलंत. हरिदास मला तुमचे शब्द जसेच्या तसे सांगत होता, अगदी तुमच्या आवाजात.

"म्हशीले बोल लावू नका, बाबाजी. रेडकाच्या डोस्क्यातूनच निरोप निंघते. डोस्कंच बनलं नाही त निरोप कोन धाडन? आमच्या घरी बी असंच झालं. माह्या पोरीले कवटीच नोहती."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. तो चपापला. म्हणाला, तुम्हाला मालूमच असंन, वहिनी. मी म्हटलं, हो, आहे मालूम. तुमची लाज राखली मी, तीही तुमच्या तेरवीला. तो बिचारा खूश होऊन पुढं सांगत राहिला की म्हैस बाजारात गेली नाही, पुढच्या खेपेला तिला आपोआप कळा आल्या, चांगली वगार, मादी रेडकू, झाली, आणि नंतरही होत राहिल्या. डाक्टरमुळं, म्हणाला. मी त्याला बुंदी वाढली.

कवटी नसलेल्या बाळाच्या मेंदूचा तो भाग धड बनत नाही. तिथून हुकूम जात नाही, म्हणून त्या इवल्या ग्रंथी वाढत नाहीत, आणि निरोप निघतच नाही. हे मला कुणी शिकवायला नको, एका ओळीत सुटणारी गोष्ट आहे. फक्त ती पहिली ओळ तुमच्याजवळ होती. माझी पिशवी बहिरी नव्हती. तिला कुणी हाकच मारली नव्हती. एका म्हशीला बाजारापासून वाचवायला तुम्ही आपली मुलगी सांगितलीत. घरात तुमची बायको रोज त्याच शब्दाला ओ देत होती, तिच्यासाठी तुमच्या तोंडून ते निघालं नाही.

परवा दुपारी आई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसले आणि विचारलं, तिला कवटी नव्हती? त्यांचे हात थांबले.

"त्यानं मले तवाच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हने, आई, तिले नोको सांगू, धसकून मरन थे."

मग बिनकळेची काहून म्हणत राहिलात, मी विचारलं.

"लोकायले काही त सांगा लागते. बिनडोस्क्याचं लेकरू झालं म्हटलं असतं त साऱ्या घरावर आलं असतं. तुह्या दिरायचे लग्न व्हाचे होते. तुह्यावर टाकलं, मंग तुह्यावरच राहिलं."

आणि हे तेव्हा कुठं होते, मी विचारलं.

"थो त बाजूलेच बसला राहे."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. माफी मागितली नाही, आणि बरं झालं, मागितली असती तर मला ती द्यावी लागली असती. थोड्या वेळानं आपण होऊन म्हणाल्या, भंडाऱ्याला त्यांनी तिला हातात घेतलं होतं. डोक्यावर फडकं टाकलेलं होतं, पण खाली सगळं चांगलं होतं. हातपाय लांब, बोटं लांब. "तुह्यावानी," म्हणाल्या. माझ्या मुलीची बोटं कशी होती, हे मला या वयात, सुपातले खडे वेचता वेचता समजलं.

मला जपलं, अशा समजुतीत तुम्ही गेला असाल. मी धसकून मेले असते का? नसते मेले. वर्षभर रडले असते, तुम्हाला झोपू दिलं नसतं, आणि मग कधीतरी उठून म्हटलं असतं, चला, पुन्हा पाहू. पुन्हा तसंच होण्याचा धोका थोडा असतो, तेही मला ठाऊक असतं, आणि तरी म्हटलं असतं. तो धोका घ्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क माझा होता. तुम्ही सुरुवातीला दयेपोटी गप्प बसलात, हे मी मान्य करते. पण नंतरची वर्षं दयेची नव्हती. नंतर तुम्हाला मला सांगायची भीती वाटत होती, कारण सांगितलं असतं तर आधी का नाही सांगितलं, हे मी विचारलं असतं. ती भीती तुम्ही सांभाळलीत आणि माझं वय निघून गेलं. मला दुसरं मूल हवं होतं. आयुष्यभर 'नको' म्हणत आले, आणि हवं होतं.

भंडाऱ्याला तिचं नाव कुणी ठेवलं नाही, विचारलंही नाही. आजवर ती माझ्या मनात नुसती 'ती' होती. आज सकाळी मी तिला नाव दिलं. आईंना सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. तुम्हाला ते मी सांगणार नाही.